मुलाला ताप आला की होणाऱ्या या चुका टाळा

लहान मुलाला ताप आला की घरात पहिला प्रश्न निघतो, ‘किती आहे?’ बालरोगतज्ज्ञांचे पहिले प्रश्न मात्र वेगळे असतात. मूल पितंय का, मधूनमधून खेळतंय का, शेवटची शू कधी केली? आपली नजर थर्मामीटरवर खिळते आणि मुलाकडे पाहायचं राहून जातं. तापातल्या बऱ्याचशा चुकांचं मूळ इथेच असतं.

आकड्याचा धसका

38 अंश सेल्सियस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट, किंवा त्याहून जास्त तापमान असेल तर त्याला ताप म्हणतात. 99 दिसलं म्हणून औषधाची बाटली काढायची गरज नसते. निरोगी मुलाचं तापमानही संध्याकाळी सकाळपेक्षा थोडं चढलेलं असतं. काखेतला आकडा शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा जरा कमी येतो, पण त्यात आपल्या मनाने एक अंश मिळवून डॉक्टरांना सांगू नका. ‘काखेत 101 होता’ एवढं सांगितलं की त्यांना कळतं. कपाळाला हात लावून अंग गरम आहे की नाही याचा अंदाज येतो, किती गरम आहे ते कळत नाही. घरात अजून पाऱ्याचा काचेचा थर्मामीटर असेल तर तो बाजूला काढा आणि साधा डिजिटल घ्या.

आकड्याला खरोखर महत्त्व द्यायचं ते तीन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या बाबतीत. या वयात तापमान 38 किंवा त्याहून जास्त भरलं, तर बाळ वरवर ठणठणीत दिसत असलं तरी त्याच दिवशी, त्याच रात्री डॉक्टरांना दाखवायचं. ‘आधी औषध देऊन बघू, उतरतोय का’ असं इथे करायचं नाही. इतक्या लहान बाळात गंभीर जंतुसंसर्गाचं ताप हे एकमेव लक्षण असू शकतं. उलट, नवजात बाळ अंगाला गार लागत असेल, मलूल असेल आणि दूध ओढत नसेल, तर तेही तितकंच तातडीचं.

त्याहून मोठ्या मुलांच्या बाबतीत मात्र ‘ताप मेंदूत जाईल’ या भीतीने घरची माणसं उगाच हवालदिल होतात. संसर्गामुळे येणारा ताप मेंदूच्या ताब्यातच असतो. जंतूंशी लढताना मेंदू शरीराचं तापमान मुद्दाम वर नेतो आणि एका मर्यादेपलीकडे सहसा जाऊ देत नाही. म्हणून असा ताप 41 सेल्सियसच्या वर क्वचितच जातो आणि नुसत्या त्या तापाने मेंदूला इजा होत नाही. उन्हात बंद गाडीत राहिलेल्या मुलाचं शरीर तापतं ती गोष्ट निराळी. तो उष्माघात आहे. तिथे हा ताबा सुटलेला असतो आणि तापाच्या औषधाचा उपयोग होत नाही. मुलाला ताबडतोब गार करत रुग्णालय गाठावं लागतं.

मग औषध द्यायचं कशासाठी? मुलाला बरं वाटावं म्हणून. 102 ताप असून मूल खेळत असेल तर औषधाची घाई नको. 100.8 असून अंगदुखीने कुरकुरत असेल तर जरूर द्या. शांत झोपलेल्या मुलाला केवळ तापाचं औषध पाजायला उठवू नका. पॅरासिटामॉलचा परिणाम दिसायला अर्धा ते एक तास लागतो आणि त्याने ताप साधारण एक-दीड अंश सेल्सियसने उतरतो. 104 वरून 102 झालं म्हणजे औषधाने आपलं काम केलं. नेमकं इथेच पालकांना वाटतं की औषध लागू पडलं नाही, आणि दुसरा डोस दिला जातो.

बाटली, चमचा आणि वजन

माझ्या मते सगळ्यात धोकादायक चूक हीच, कारण ती काळजीपोटी आणि अर्धवट झोपेत होते. पॅरासिटामॉलचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो: दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम. दोन डोसांत निदान चार तासांचं अंतर हवं, सहा तासांचं असेल तर उत्तम, आणि 24 तासांत चारपेक्षा जास्त डोस नकोत.

मिलिग्रॅम आणि मिली यांची गल्लत होते ती पुढे. बाळांसाठीच्या ड्रॉप्समध्ये औषध दाट असतं, अनेकदा 1 मिलीत 100 मिलिग्रॅम. सिरपवर 5 मिलीत 120 किंवा 250 मिलिग्रॅम असं लिहिलेलं असतं. दहा किलोच्या मुलाला 150 मिलिग्रॅम द्यायचं झालं तर त्या ड्रॉप्सचे दीड मिली होतात, 250 वाल्या सिरपचे 3 मिली आणि 120 वाल्याचे सव्वासहा मिली. आता ‘मागच्या वेळी सहा मिली दिलं होतं’ या आठवणीवर कोणी ड्रॉप्सच्या बाटलीतून सहा मिली पाजलं, तर एकाच वेळी चौपट औषध पोटात जातं. पॅरासिटामॉलचा जास्त डोस यकृतावर येतो आणि सुरुवातीला बाहेरून काहीच दिसत नाही. असं झाल्याचं लक्षात आलं तर लक्षणांची वाट पाहू नका, बाटली घेऊन थेट रुग्णालयात जा.

घरातला चमचा माप म्हणून वापरू नका, कारण एकाच घरातले दोन चमचे सारखे नसतात. बाटलीसोबत आलेलं माप किंवा सुई नसलेली सिरिंज घ्या. बाटली बदलली की लेबल नव्याने वाचा. दिलेली वेळ कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा. नाहीतर आठला आईने दिलेला डोस नऊला आजी पुन्हा देते. सर्दी-खोकल्याच्या मिश्र औषधांतही अनेकदा पॅरासिटामॉल असतं, त्यामुळे दोन वेगळ्या नावांच्या बाटल्यांतून तेच औषध दुप्पट जातं. तशीही ही मिश्र औषधं अगदी लहान मुलांना फारशी उपयोगी नसतात आणि त्यांचे दुष्परिणाम मात्र असतात. डॉक्टरांनी लिहून दिली नसतील तर ती पाजू नका. औषध घेतल्यावर लगेच, म्हणजे अर्ध्या तासाच्या आत, सगळं उलटून पडलं तर तोच डोस एकदा परत देता येतो. त्यानंतर उलटी झाली तर पुढच्या वेळेपर्यंत थांबा.

आयबुप्रोफेन हेही तापाचंच औषध आहे, पण ते सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आपणहून देऊ नये. उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झालेल्या मुलाला, कांजिण्यांमध्ये किंवा डेंग्यूची शंका असतानाही नको. दोन औषधं आलटून पालटून देण्याचा उद्योग डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय करू नका. वेळांचा घोळ त्यातूनच होतो. ॲस्पिरिन तर 16 वर्षांखालच्या मुलांना तापासाठी द्यायचंच नाही. त्याचा संबंध रे सिंड्रोम या यकृत आणि मेंदूवर आघात करणाऱ्या दुर्मीळ आजाराशी आहे.

बर्फ, गार पाण्याच्या पट्ट्या, स्पिरिटने अंग पुसणं, हे सगळं बंद. गार पाण्याने मूल कुडकुडतं आणि कुडकुडण्याने शरीर आतून आणखी तापतं. स्पिरिट त्वचेतून आणि श्वासातून शरीरात जातं. दोन-तीन पांघरुणांत गुंडाळून घाम काढणंही तितकंच चुकीचं. एक पातळ सुती कपडा पुरे.

झटका आला तर

सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात झटका येतो. डोळे फिरतात, हातपाय ताठ होतात, मग उडू लागतात. बघणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकते, पण बहुतेक झटके पाच मिनिटांच्या आत थांबतात आणि मागे काही ठेवत नाहीत. मुलाला कुशीवर वळवा, आसपासच्या टोकदार वस्तू बाजूला करा आणि घड्याळ बघा. चमचा, बोट, पाणी, औषध, काहीही तोंडात घालू नका. हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर रुग्णवाहिका बोलवा. थांबला तरी पहिल्या झटक्यानंतर त्याच दिवशी तपासणी हवी. एकदा झटका आलेल्या मुलाचे आईवडील पुढे 99 लाच औषध देऊ लागतात. त्यांची भीती समजण्यासारखी आहे, पण ताप सतत दाबून ठेवल्याने पुढचा झटका टळतो असं आढळलेलं नाही.

अँटिबायोटिकचा आग्रह

लहान मुलांचे बहुतेक ताप आणि सर्दी-खोकले विषाणूंमुळे येतात, आणि अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. नाकातून हिरवा-पिवळा शेंबूड आला म्हणजे अँटिबायोटिक हवंच, असंही नाही. मागच्या आजारातली उरलेली बाटली पुन्हा काढू नका. पाणी घालून तयार केलेलं औषध ठरावीक दिवसच टिकतं. आणि डॉक्टरांनी नीट तपासून ‘गरज नाही’ म्हटलं, तर संध्याकाळी दुसऱ्या डॉक्टरांचं दार ठोठावू नका.

पाजण्यातल्या चुका

ताप असताना जेवण कमी झालं तर चालतं, पिणं कमी होऊन चालत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी नको. अंगावरचं किंवा जे दूध चालू आहे तेच जास्त वेळा द्या. एक वर्षाच्या आत खोकल्यासाठी मध चाटवू नका, त्यातून बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो.

तापासोबत जुलाब असतील तर ओआरएसचं आख्खं पाकीट, त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. अंदाजाने अर्धं पाकीट अर्ध्या ग्लासात घातलं तर मिश्रण खारट होतं आणि घातक ठरू शकतं. साखर, दूध, रस त्यात मिसळू नका. 24 तासांनी उरलेलं फेकून द्या. उलटी झाली म्हणून ओआरएस बंद करायचं नाही. दहा मिनिटं थांबा आणि मग दर एक-दोन मिनिटांनी एकेक चमचा द्या. घटाघटा पाजलेलं बाहेर येतं, चमच्याने दिलेलं बहुतेक टिकतं. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या लहान मुलांसाठी नाहीत.

श्वास मोजायला विसरणं

तापाची नोंद घरोघरी होते, श्वासाची फारशी कुठे होत नाही. मूल शांत किंवा झोपलेलं असताना छाती-पोट उघडं करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चौपट करू नका, कारण बाळांचा श्वास एका लयीत नसतो. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षं 40 किंवा जास्त असेल तर तो वेग जास्त समजतात. तापामुळेही श्वास थोडा वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा मोजा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ कण्हत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर मोजत बसू नका, निघा.

दातांमुळे बाळ किरकिरं होतं, लाळ गळते, पण 38 च्या वरचा ताप दातांवर ढकलू नका. लशीनंतरचा ताप बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांतच येऊन जातो. गोवराच्या लशीचा मात्र आठवडाभराने येऊ शकतो.

ताप उतरला म्हणून निर्धास्त होणं

डेंग्यूत खरा धोका अनेकदा ताप उतरताना, आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसात सुरू होतो. घरात सगळ्यांनी हुश्श केलेलं असतं आणि मुलाच्या पोटात जोरात दुखू लागतं, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतं, हातपाय गार पडतात. अशा वेळी थर्मामीटर 98 दाखवत असला तरी रुग्णालयातच जायचं.

एरवीही काही खुणा दिसल्या की आकडा विसरा: मूल उठवूनही नीट जागं होत नाही, काहीच पीत नाही, सहा-आठ तासांत शू नाही, मान ताठ आहे, बाळाची टाळू फुगली आहे, किंवा अंगावर असे डाग आहेत की ज्यांवर काचेचा ग्लास दाबला तरी ते फिके होत नाहीत. यातलं काही नसलं तरी तीन दिवसांपेक्षा जास्त टिकलेला ताप एकदा दाखवून घ्यावा.

जाताना मुलाचं अलीकडचं वजन, ताप कधी सुरू झाला, शेवटचा डोस किती वाजता आणि किती मिली दिला, शेवटची शू कधी झाली, हे कागदावर लिहून न्या. औषधाचं नाव आठवत बसण्यापेक्षा बाटलीच पिशवीत टाका.