स्ट्रक्चरल अ‍ॅनालिसिसमध्ये उत्तर दुप्पट येतंय? या चुका टाळा

६ मीटरचा सिंपली सपोर्टेड बीम (दोन्ही टोकांवर नुसती टेकलेली तुळई) घ्या. पूर्ण लांबीवर दर मीटरला २० किलोन्यूटनचा यूडीएल, म्हणजे सारखा पसरलेला भार. रिअ‍ॅक्शन (टेकूंचा वरच्या दिशेचा जोर) काढताना हा सगळा भार १२० किलोन्यूटनचा पॉइंट लोड धरून मधोमध ठेवला तरी काही बिघडत नाही. दोन्हीकडे ६०-६० बरोबर येतात. घोळ त्यापुढे होतो. तो पॉइंट लोड आकृतीत तसाच राहतो आणि मधला बेंडिंग मोमेंटही (बीमला वाकवणारा परिणाम, बल × अंतर) त्यावरूनच काढला जातो: ६० × ३ = १८० किलोन्यूटन-मीटर. खरा मोमेंट आहे ९०, म्हणजे बरोबर निम्मा. डाव्या अर्ध्या भागावरही ६० किलोन्यूटन भार आहे, मध्यापासून दीड मीटरवर. त्याचे ९० वजा करायचे राहूनच गेले.

म्हणून रिअ‍ॅक्शन निघाल्या की मूळ आकृती नव्याने काढा. मग हव्या त्या जागी बीम कल्पनेने कापा (सेक्शन), आणि कापलेल्या तुकड्यावर जेवढा यूडीएल उरला, तेवढ्याचाच पॉइंट लोड करा. बीएमडी (बेंडिंग मोमेंटचा आलेख) त्रिकोणी दिसली की तिथेच थांबा. यूडीएलखाली ती पॅराबोलाच यायला हवी.

कपलला (उलट दिशांच्या दोन समान बलांची, नुसती फिरवणारी जोडी) अंतराने गुणणं ही दुसरी खोड. याच बीमवर नुसता ३० किलोन्यूटन-मीटरचा कपल असेल, तर तो कुठेही ठेवा, रिअ‍ॅक्शन ३० ÷ ६ = ५ किलोन्यूटनच; एका टोकाला वर, दुसऱ्याला खाली. कपलच्या जागी बीएमडी ३० ने उडी मारते, एसएफडी (बीमला आडवं कापू पाहणाऱ्या शिअर फोर्सचा आलेख) जागची हलत नाही.

सपोर्ट काढताना तर हात फारच सैल सुटतो. दोन्ही टोकांना हिंज (फिरू देणारा, पण सरकू न देणारा टेकू) काढून मोकळं व्हायचं! आपल्या नागपुरात नवतपात पारा ४५ च्या पुढे जातो आणि डिसेंबरच्या पहाटे १० च्याही खाली येतो. फरक ३५ अंशांचा धरला तरी ३० मीटरचा स्टील गर्डर सुमारे १२.६ मिलिमीटर लांबतो. एका टोकाला रोलर असेल तर तो निवांत सरकतो, ताण शून्य. दोन्हीकडे पक्के हिंज असतील तर गर्डरवर एक किलोचंही वजन नसताना दर चौरस मिलिमीटरला ८४ न्यूटनचा ताण येतो. उड्डाणपुलावरून जाताना ठराविक अंतराने गाडीला जो हलका दणका बसतो, तो याच हालचालीसाठी ठेवलेल्या जॉइंटचा.

आता युनिट. डिफ्लेक्शन (बीम किती खाली लवतो ते) काढताना सगळं न्यूटन-मिलिमीटरमध्ये आणायचं म्हणून यूडीएलच्या २० चे २०,००० केले जातात. पण किलोन्यूटन प्रति मीटर आणि न्यूटन प्रति मिलिमीटर हे एकच; वर-खाली दोन्हीकडचे हजार कटतात. आकडा २० च ठेवा. ई (मटेरियलचा ताठरपणा) २ × १०⁵ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर आणि आय (बीमच्या छेदाच्या आकारावरून येणारा आकडा) ८ × १०⁷ मिलिमीटरचा चौथा घात धरला, तर मध्यावर डिफ्लेक्शन सुमारे २१ मिलिमीटर येतं. हजाराने गुणून बसलात, तर ६ मीटरचा बीम २१ मीटर खाली लवतो, आणि उत्तरपत्रिकेत त्याखाली दोन रेघा ओढलेल्या असतात.