नगरपरिषदेचं बजेट: लेखा विभागात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

नगरपरिषदेच्या लेखा विभागात नवीन रुजू झालेली मुलं-मुली पहिल्या काही दिवसांत हमखास विचारतात, "मॅडम, बजेट साठ कोटींचं आहे, मग ठेकेदाराचं दोन लाखांचं बिल इतके महिने का पडून आहे?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर ज्याला नीट समजलं, त्याला नगरपरिषदेचं अर्धं बजेट समजलं असं मी मानते. पहिल्यांदा निवडून आलेल्या नगरसेवकांनाही हे उपयोगी पडावं. मधली बरीच वर्षं अनेक नगरपरिषदांवर प्रशासक होते, त्यामुळे सभागृहात बजेटवर चर्चा कशी होते हे जवळून पाहिलेली माणसं कमी राहिली आहेत.

मी ब वर्ग नगरपरिषदेत लेखापाल आहे. म्हणजे ४० हजारांच्या वर आणि एक लाखाच्या आत लोकसंख्येचं शहर. त्याखाली क वर्ग, एक लाखाच्या वर अ वर्ग. आमचा सगळा कारभार १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाखाली चालतो, महानगरपालिकांचा कायदा वेगळा. पुण्या-मुंबईच्या बजेटच्या बातम्या वाचून आमच्याकडे आलात तर पहिले काही दिवस गोंधळ उडेल. तिथे आयुक्त असतात, इथे मुख्याधिकारी. तिथे स्वतःच्या उत्पन्नातून पूल बांधता येतो, इथे चौकातल्या शौचालयासाठीसुद्धा कुठली तरी योजना शोधावी लागते.

बजेट हातात आलं की सगळे शेवटचं पान उघडतात. तिथे 'इतक्या लाखांचे शिलकी अंदाजपत्रक' असं लिहिलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातही तेच येतं. तुम्ही मात्र पहिलं पान उघडा आणि आरंभीची शिल्लक पाहा. समजा तिथे १८ कोटी लिहिले आहेत. लगेच बँक खात्यांची यादी मागा, कारण प्रत्येक योजनेचं खातं वेगळं असतं. यादी समोर ठेवली की दिसेल: ५ कोटी पंधराव्या वित्त आयोगाचे, ४ कोटी राज्याच्या नगरोत्थान योजनेचे, २ कोटी दलित वस्ती सुधार योजनेचे, ३ कोटी पाणी योजनेचे. दीड कोटी ठेकेदारांच्या अनामती आणि सुरक्षा ठेवी, म्हणजे ते पैसे कधी ना कधी परत करायचेच आहेत. पन्नास लाख शिक्षण कर आणि रोजगार हमी कराचे. हे कर आपण घरपट्टीसोबत गोळा करतो, पण ते शासनाकडे भरायचे असतात. सगळं वजा केलं की उरतात २ कोटी. नगरपरिषदेचे म्हणता येतील असे पैसे तेवढेच. त्यातून महावितरणचं बिल, घंटागाडीच्या ठेकेदाराचं देयक, पाणी शुद्धीकरणाची तुरटी आणि क्लोरीन, निवृत्तांची थकीत देणी, सगळं भागवायचं. दोन लाखांचं ते बिल याच दोन कोटींच्या रांगेत उभं असतं. (हे आकडे समजावण्यापुरते घेतलेत, पण तुमच्या नगरपरिषदेचं चित्र फार वेगळं निघणार नाही.)

म्हणून मी नव्या माणसाला पहिलं काम बँक ताळमेळाचं देते. कंटाळवाणं वाटतं, पण कॅशबुक आणि पासबुक यांतला फरक ज्याने स्वतः शोधला त्याला पैसा कुणाचा आहे हे पुन्हा सांगावं लागत नाही.

आता वेळापत्रक. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, पण बजेटचं काम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच लागतं. पाणीपुरवठा, बांधकाम, आरोग्य, कर, विद्युत अशा विभागांकडून मागण्या येतात. डिसेंबर संपला की नऊ महिन्यांची प्रत्यक्ष जमा आणि खर्च हाती येतो. त्यावरून चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज शेजारी शेजारी मांडतो. जानेवारीत मसुदा, मग स्थायी समिती, आणि फेब्रुवारीत बजेटची विशेष सभा. हे सगळं ऐकायला सरळ आहे आणि बहुतेक वर्षी सरळ पारही पडतं, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही.

खरी कसोटी जमेच्या बाजूला असते. मालमत्ता कराची मागणी आणि वसुली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मागणी म्हणजे जुनी थकबाकी अधिक चालू वर्षाचा कर. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती चढत जाते, त्यामुळे कागदावरची मागणी दर वर्षी फुगते. ती फुगलेली रक्कम जमेला धरली की खर्चाच्या बाजूला हवी तितकी कामं बसवता येतात आणि अंदाजपत्रक 'शिलकी' दिसतं. जमा धरताना मी मागच्या तीन वर्षांची प्रत्यक्ष वसुलीच पाहते. चतुर्थ वार्षिक आकारणी (दर चार वर्षांनी होणारी मालमत्तांची फेरआकारणी) झाली असेल, हद्दवाढीतल्या नव्या इमारती नोंदल्या गेल्या असतील, तरच थोडी वाढ धरते. सभागृहात कुणी म्हणालं, "मॅडम, यंदा शंभर टक्के वसुली करू," तर नम्रपणे सांगायचं की केली तर आनंदच आहे, मार्चमध्ये पुनर्विनियोजन करून, म्हणजे तरतुदी नव्याने वाटून, वाढीव कामं घेऊ. हे सांगायला धीर लागतो. पण पुढच्या वर्षी बिलं घेऊन तुमच्याच टेबलासमोर माणसं उभी राहणार असतात, म्हणून तो धीर करावाच लागतो.

पगाराचा मोठा भार शासनाच्या सहायक अनुदानावर चालतो. जकात गेली तेव्हापासून नगरपरिषदांचा श्वास या अनुदानावरच आहे. ते वेळेवर आलं नाही की सगळं बजेट बाजूला राहतं आणि महिनाअखेरीला पगाराचीच चिंता सुरू होते. त्यामुळे नगरपरिषद फंडात, म्हणजे आपल्या स्वतःच्या पैशांत, किमान एका महिन्याच्या पगाराएवढी रक्कम कायम राखून ठेवायची, ही सवय ज्या कार्यालयात आहे तिथला लेखापाल शांत झोपतो.

भांडवली कामांकडे येऊ. नगरसेवकांकडून येणाऱ्या मागण्यांची भाषा ठरलेली आहे: 'प्रभाग क्र. ७ मधील अमुक यांचे घर ते तमुक यांचे घर रस्ता काँक्रीटीकरण करणे व बंदिस्त गटार बांधणे.' नवीन माणूस ही मागणी तशीच यादीत उतरवतो. तुम्ही आधी शहर अभियंत्यांसोबत बसा आणि काही गोष्टी विचारा. ही जागा नगरपरिषदेच्या मालकीची आहे का, विकास आराखड्यात रस्ता म्हणून दाखवली आहे का? त्याखालून पाण्याची जुनी लाईन जाते का, आणि ती बदलायची ठरली आहे का? काँक्रीट करून सहा महिन्यांत तोच रस्ता पाईपसाठी फोडलेला बहुतेक प्रत्येक शहराने पाहिला आहे. तो पैसा दोनदा जातो आणि लोकांचा त्रास तिप्पट होतो. पाणी, मग गटार, मग रस्ता हा क्रम बजेटच्या यादीत पाळता आला तर तुम्ही शहरावर मोठे उपकार करता.

त्यानंतर निधी. काम कितीही गरजेचं असलं तरी ते कुठल्या निधीत बसतं हे पाहावंच लागतं. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात आमच्यासारख्या शहरांना जे अनुदान दिलं, त्यातलं ६० टक्के बंधित होतं: निम्मं पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी, निम्मं स्वच्छता आणि घनकचऱ्यासाठी. फक्त ४० टक्के अबंधित. पेव्हर ब्लॉकची मागणी बंधित निधीतून भागवता येत नाही, कितीही दबाव आला तरी. नगरोत्थान, दलितेतर वस्ती सुधारणा, वैशिष्ट्यपूर्ण कामं यांचे निकष वेगळे. जिल्हास्तरावरचा निधी जिल्हा नियोजन समितीकडून येतो, तिथे पालकमंत्री अध्यक्ष असतात. ज्या लेखाशीर्षाखाली (बजेटमधल्या जमा-खर्चाच्या सदराखाली) अनुदान येण्याची नुसती शक्यता आहे, तिथे हजार रुपयांची नाममात्र तरतूद ठेवतात, म्हणजे पैसे आले की लेखाशीर्ष उघडं असतं. बजेटमध्ये असे हजार-हजार दिसले की नवी माणसं चक्रावतात. त्यात काही गैर नाही.

मोठ्या प्रकल्पात पाहायचा असतो तो स्वहिस्सा, म्हणजे नगरपरिषदेने स्वतः घालायचा वाटा. केंद्राच्या अमृत २.० योजनेत एक लाखाच्या आतल्या शहराला केंद्राचा हिस्सा ५० टक्के मिळतो, एक ते दहा लाखांच्या शहराला एक तृतीयांश. उरलेलं राज्य आणि शहर मिळून उभं करतं. सविस्तर प्रकल्प अहवाल मंजूर झाला की पेढे वाटले जातात. त्याच दिवशी आपण कागद घेऊन लिहावं की आपल्या हिश्शाचे हप्ते कुठल्या वर्षी, कुठल्या लेखाशीर्षातून जाणार. अंदाजपत्रक किती जुनं आहे तेही पाहा. जुलै २०२२ मध्ये स्थानिक संस्थांच्या बांधकामांवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला, तेव्हा जुन्या दराने मंजूर झालेल्या कितीतरी कामांचा हिशोब कोलमडला. फरक द्यायचा कुठून, यावर फायली फिरत राहिल्या.

पण या सगळ्यापेक्षा मला जास्त काळजी असते ती प्रकल्प पूर्ण झाल्यानंतरची. बांधकामाला अनुदान मिळतं, चालवायला मिळत नाही. नाट्यगृह, जलतरण तलाव, मलनिस्सारण केंद्र, नवी पाणी योजना, यांतली प्रत्येक गोष्ट उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवसापासून नगरपरिषद फंडातल्या त्या दोन कोटींवर येऊन बसते. वीज, ऑपरेटर, दुरुस्ती, रंगरंगोटी. म्हणून भांडवली यादीतल्या प्रत्येक मोठ्या कामासमोर मी पेन्सिलने एक रकाना आखते: वार्षिक चालवण्याचा खर्च. छापील नमुन्यात तो नाही. तरी मी तो भरून मुख्याधिकाऱ्यांपुढे ठेवते, आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला ठेवायला सांगते.

याचं एक उदाहरण आमच्याच जॅकवेलचं, म्हणजे पाणी उपसायच्या पंपांच्या विहिरीचं. पाणीपुरवठ्याचं वीजबिल एकाएकी वाढू लागलं होतं. पाणीपुरवठा अभियंत्यांना बिलाची छापील प्रत घेऊन बोलावलं आणि दोघांनी एकेक ओळ वाचली. वापरलेली युनिटं फारशी वाढली नव्हती. वाढली होती ती नोंदलेली कमाल मागणी, म्हणजे एका वेळी ओढलेला सर्वांत जास्त वीजभार. ती मंजूर मागणीच्या वर गेल्यामुळे जादा आकार लागत होता. रात्रपाळीचा ऑपरेटर वीज परत आली की दोन्ही मोठे पंप एकाच वेळी चालवत होता. टाकी लवकर भरावी हाच त्याचा हेतू. एका वेळी एकच मोठा पंप चालवायचा, अशी पाटी भिंतीवर लावली, त्याला कारण समजावून सांगितलं आणि पुढच्या बिलापासून तो आकार थांबला. त्यासाठी ना निविदा लागली, ना ठराव. बजेट वाचणाऱ्याने पंपहाऊसपर्यंत जावं, टाकी कधी भरते ते पाहावं, असं मला म्हणूनच वाटतं.

राखीव निधी हा आणखी एक जिव्हाळ्याचा विषय. दुर्बल घटकांसाठी ५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी ५ टक्के, दिव्यांगांसाठी ५ टक्के. तरतूद सगळेच करतात. खर्च मात्र मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आठवतो, मग घाईघाईने साहित्य खरेदी होते आणि ज्याला चाकाची खुर्ची हवी त्याला शिलाई मशीन मिळतं. दिव्यांग बंधू-भगिनींची नोंदवही एप्रिलमध्ये अद्ययावत करा, कुणाला काय हवं ते तिथेच लिहा. बँक खाती तपासून घ्या. दिवाळीच्या आत हा निधी लोकांपर्यंत पोचायला हवा. माझ्या मते लेखा विभागाचं काम चांगलं चाललंय की नाही हे ओळखायची ही सगळ्यात खरी खूण आहे.

वर्षअखेरीला दायित्वांची यादी करायला विसरू नका. कार्यादेश दिलेलं, पण पूर्ण न झालेलं प्रत्येक काम. मोजमाप पुस्तिकेत नोंद झालेली, पण न दिलेली प्रत्येक रक्कम. ही यादी नव्या वर्षाच्या बजेटमध्ये सर्वांत आधी बसवायची, नवी कामं तिच्यानंतर. स्थानिक निधी लेखापरीक्षेची मंडळी येतात तेव्हा पहिल्यांदा हेच पाहतात, आणि पाहायलाच हवं.

नगरसेवकांना आणि जागरूक नागरिकांनाही एक सांगायचं आहे. फेब्रुवारीच्या सभेत उभं राहून काम सुचवलं तर ते इतिवृत्तात येतं, क्वचित बजेटमध्ये येतं. तोपर्यंत आकडे बांधून झालेले असतात. पुणे महानगरपालिकेने २००६ पासून नागरिकांकडून कामं सुचवून घ्यायला सुरुवात केली. त्याची खरी गंमत अशी की ते अर्ज बजेट बांधायच्या आधी मागवतात. छोट्या गावातही तेच करता येतं. गणपती-नवरात्र उरकलं की अर्ज द्या. सोबत जागेचा फोटो जोडा, लांबी-रुंदी लिहा, तिथे पाण्याची लाईन आहे की नाही ते नमूद करा आणि अभियंत्याला जागेवर घेऊन जा. दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक तयार झालेलं काम डिसेंबरमध्ये माझ्या टेबलावर आलं, तर त्याच्यासाठी निधी शोधणं ही माझी जबाबदारी.