थेंब पडतात, दिवा लागत नाही? या चुका टाळा

‘पावसाच्या थेंबांपासून वीज’ हा विज्ञान प्रदर्शनातला लाडका प्रकल्प. मूळ प्रयोग हाँगकाँगच्या सिटी विद्यापीठातला, 2020 सालचा. 15 सेंटिमीटरवरून पडलेल्या एका थेंबाने 140 व्होल्टचा झटका दिला आणि 100 छोटे एलईडी क्षणभर लुकलुकले. घरी केला की मात्र बहुतेकांचा एकही लागत नाही.

रचना साधी आहे. खाली धातूचा थर, त्यावर टेफ्लॉनची पातळ फिल्म, फिल्मवर ॲल्युमिनियमची बारीक पट्टी. थेंब पडत राहिले की फिल्मवर ऋण प्रभार साचतो. पुढचा थेंब पसरून पट्टीला टेकला की परिपथ पूर्ण होतो.

सगळ्यात जास्त घात करतात त्या कडा. फिल्म खालच्या धातूएवढीच कापली, तर ओघळणारं पाणी पट्टी आणि धातू थेट जोडतं आणि खेळ संपतो. फिल्म चारी बाजूंनी बोटभर मोठी ठेवा. नळजोडणीची पांढरी टेफ्लॉन टेप वापरू नका; ती ताणली की विरळ होते, सुरकुतते. सपाट शीट आणा आणि खाली हवेचे बुडबुडे राहू देऊ नका.

पाटी आडवी ठेवली तर पाणी साचतं. 45 अंशांचा उतार द्या. नळाची धारही चालत नाही, थेंब सुटे हवेत. सुरुवातीला काहीच दिसलं नाही तर लगेच वायरी उपटू नका. प्रभार साचायला हजारो थेंब लागतात. घाई असेल तर कोरडी फिल्म सुती कापडाने घासून घ्या.

मल्टिमीटर शून्य दाखवतो, कारण झटका काही मिलिसेकंदांचाच असतो. त्यापेक्षा दोन एलईडी उलटसुलट जोडून अंधारात बघा.

आता प्रदर्शनात लावायच्या तक्त्यावरची चूक. ‘दर चौरस मीटरला 50 वॅट, म्हणजे छतावर वीजघर!’ मूळ प्रयोगातले ते 50 वॅट क्षणिक आहेत, सरासरी नव्हेत. हिशोब करून बघा: महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, म्हणजे चौरस मीटरवर साडेपाच टन पाणी. हवेच्या विरोधामुळे थेंबाचा वेग सेकंदाला 8 मीटर धरा. सगळी गतिज ऊर्जा हाती लागली तरी वर्षाला 0.05 युनिट! दहा वॅटचा बल्ब पाच तास. कोयनेला तोच पाऊस आधी धरणात साठवून मग शेकडो मीटर खाली सोडतात, म्हणून तिथे 1960 मेगावॅटचा प्रकल्प उभा राहतो.

तक्त्यावर ‘क्षणिक’ हा शब्द ठळक लिहा. परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारतील.