१२३४५६७८९८७६५४३२१ : या चुका टाळा

१११११११११ या नऊ एकांच्या संख्येचा वर्ग म्हणजे १२३४५६७८९८७६५४३२१. देवळालीचे गणितज्ञ द. रा. कापरेकर यांनी अशा संख्यांना ‘डेम्लो संख्या’ म्हटले. डेम्लो म्हणजे आजचे डोंबिवली स्टेशन. संख्या देखणी आहे, आणि नेमकी त्या देखणेपणामुळेच फसगत होते.

पहिली चूक टाइप करतानाच होते. एक्सेल १५ अंकच जपतो, त्यामुळे ही संख्या १२३४५६७८९८७६५४३०० होऊन बसते. जावास्क्रिप्ट या संगणकभाषेत साध्या संख्येची खात्री ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच. त्यापुढे, या टप्प्यात, फक्त सम संख्या बसतात, म्हणून शेवटचा १ गळून ० येतो. तिथे बिगइंट (कितीही मोठ्या पूर्णांकांचा प्रकार) वापरा. पायथन या संगणकभाषेतल्या पूर्णांकांना ही अडचण नाही, पण वर्गमूळ काढताना तोही फसवतो. दशांशात वर्गमूळ देणाऱ्या math.sqrt ऐवजी पूर्णांकातच देणारे math.isqrt घ्या आणि आलेल्या उत्तराचा वर्ग करून ताळा पाहा. कारण १२३४५६७८९८७६५४३२० चेही math.sqrt नेमके १११११११११.० येते. ती संख्या पूर्ण वर्ग असणे शक्यच नाही, कारण तिच्या शेवटी एकच शून्य आहे.

अंकांची बेरीज ८१, म्हणून संख्येला ८१ ने भाग जातो, असे अनेकजण लिहितात. भाग जातो हे खरे, कारण चुकीचे. बेरजेची कसोटी ३ आणि ९ पुरतीच आहे. १८९९ च्या अंकांची बेरीज २७, तरी तिला २७ ने भाग जात नाही. इथे ८१ येतो तो १११११११११ ला ९ ने भाग जातो म्हणून.

३७ ने भाग जातो का याची कसोटी (९९९ = २७ × ३७) वापरताना तीन-तीन अंकांचे गट उजवीकडून पाडा आणि त्यांची बेरीज ३७ ने भागून पाहा: १२ + ३४५ + ६७८ + ९८७ + ६५४ + ३२१ = २९९७ = ३७ × ८१. संख्या दोन्हीकडून सारखीच वाचली जाते, मग गट कुठूनही पाडले तरी चालतील, असे वाटते. डावीकडून पाडून पाहा: १२३ + ४५६ + ७८९ + ८७६ + ५४३ + २१ = २८०८, आणि ३७ ने भागल्यावर बाकी ३३. शेवटचा गट दोनच अंकांचा राहिला, तिथे स्थानिक किमती बिघडल्या.

उलटसुलट सारखी म्हणून ११ ने भाग जाईल, हेही गृहीत धरू नका. तो नियम सम अंकसंख्येचा, इथे अंक १७. बाकी १ उरते.

अवयव पाडताना १११११११११ = ९ × १२३४५६७९ लिहून १२३४५६७९ वर थांबणे ही नेहमीची चूक. ती मूळ संख्या नाही: ३७ × ३३३६६७. यातला ३३३६६७ मात्र मूळ आहे. हाताने तपासायचे तर ५७७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. म्हणजे संख्या = ३⁴ × ३७² × ३३३६६७². विभाजक मोजताना घातांकांत प्रत्येकी १ मिळवून गुणाकार करा, बेरीज नव्हे: ५ × ३ × ३ = ४५. पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या विषमच येते. सम आली तर कुठेतरी घात चुकला आहे.

आणि दहा एकांचा वर्ग १२३४५६७८९१०९८७६५४३२१ लिहू नका. मधल्या स्थानी १० जमतात, हातचा पुढे जातो, आणि उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१.