शिखरचढाईपूर्वी मित्रांसोबत उंचीची सवय करून घेताना

शिखरावर चढाई सुरू करण्यापूर्वी मित्रांसोबत उंचावर काही दिवस चालावे ते मुख्यतः शरीराला विरळ हवेची सवय व्हावी म्हणून. सुमारे ५,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. त्यामुळे ३,००० मीटरच्या पुढे मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. दिवसा वर जाऊन रात्री खाली येऊन झोपणे उत्तम.

वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्याने ठरवावा. खरी अडचण अशी, की मित्रांसमोर डोकेदुखी कबूल करायला संकोच वाटतो, म्हणून डोके, भूक आणि झोप यांची चौकशी सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाकडे न चुकता करावी. नुसती डोकेदुखी किंवा मळमळ असेल, तर बरे वाटेपर्यंत आणखी वर जाऊ नये. कोणी अडखळत असेल, तर त्याला एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवत सरळ रेषेत चालायला लावावे. तोल गेला, किंवा स्वस्थ बसूनही धाप लागत असेल, तर रात्र असली तरी सोबत देऊन त्याला ताबडतोब खाली उतरवावे. त्याला एकटे मात्र कधीही पाठवू नये.