टाकाला नावे ठेवण्याआधी कागद बदला

पेन आणि शाईच्या चित्रांसाठी पहिले सामान घेताना मी टाकाच्या (शाईत बुडवून वापरायच्या पेनाच्या) निब आणि शाईवर भरपूर पैसे घातले. कागदाबद्दल मात्र दुकानदाराला एकच प्रश्न विचारला, तो किती जीएसएमचा आहे. त्या प्रश्नाने माझे चार महिने खाल्ले.

झेरॉक्सच्या ८० जीएसएमच्या कागदावर शाई फुटत होती, म्हणून मी थेट ३०० जीएसएमचा खरबरीत जलरंगाचा कागद आणला. शाई फुटायची थांबली. पण टोकदार निब प्रत्येक उंचवट्यावर अडखळू लागली, तिच्या फटीत तंतू अडकले आणि बारीक हॅचिंगच्या (जवळजवळ ओढलेल्या रेघांनी दिलेल्या छटेच्या) जागी केसाळ, जाड रेघा उमटल्या. माझाच हात जड आहे, असे ठरवून मी आणखी निब विकत घेतल्या! जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन. त्यावरून पृष्ठभाग कळत नाही. शाईला थोपवते ती कागदाला दिलेली खळ, आणि निब मोकळी सरकते ती दाबून गुळगुळीत केलेल्या पृष्ठभागावर. टीपकागदही जाड असतो, पण म्हणून त्यावर कोणी लिहीत नाही. ब्रिस्टल बोर्ड किंवा चांगली आयव्हरी शीट, असा गुळगुळीत जाड कागद सुरुवातीला पुरतो. मात्र गठ्ठा घेण्याआधी एकाच तावावर आपल्याच पेनाने दाट हॅचिंग करून, वाळल्यावर रेघांच्या कडा निरखून पाहाव्यात.

बाकीचे सामान थोडकेच लागते. वॉटरप्रूफ शाईची ०१ आणि ०५ अशी दोन मायक्रॉन पेने (बारीक टोकाची, शाई भरलेली रेखांकनाची पेने) पुरेत (हे आकडे मिलिमीटर नव्हेत, ०५ची रेघ ०.४५ मिलिमीटरची असते). ‘टाकाशिवाय पेनवर्क नव्हेच’ असे बजावणाऱ्या शिक्षकांविषयी मला आदर आहे, परंतु पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्याला टाकाची धास्ती घालण्यात कोणते शिक्षण आहे, हे मला अजून उमगलेले नाही. टाक घेतलाच, तर नव्या निबेवरचा तेलकट थर टूथपेस्टने घासून धुवावा, नाहीतर शाई थेंबाथेंबाने गोळा होते. शेलॅक (लाखेपासून केलेली राळ) असलेली इंडिया इंक ही काळी शाई फाउंटन पेनात कदापि भरू नये. ती आत वाळली की पेन गेलेच म्हणून समजावे. चोवीस पेनांच्या संचाचा मोह टाळावा.

पहिले काही ताव बिघडतील. माझे तर अजूनही बिघडतात, त्याने खचून जाऊ नये. तो खरबरीत कागदही वाया गेलेला नाही: पातळ केलेल्या शाईचे ब्रशने दिलेले वॉश त्यावर सुरेख बसतात, आणि उरलेले सात ताव मी त्यासाठीच राखून ठेवले आहेत.