पॉलिश करता करता फोम पॅड कसा साफ करावा

गाडी पॉलिश करायच्या मशीनला लावलेला फोमचा पॅड धुवायचा तो सगळी गाडी आटोपल्यावर, असं बरेच जण समजतात. मीही तसंच करायचो. मानेवाड्याला मावसभावाच्या काळ्या गाडीचं बॉनेट, दोन्ही फेंडर अन् एक दार मी एकाच पॅडने उरकलं होतं. पोर्चमध्ये सगळं झकास दिसलं. दुसऱ्या दिवशी उन्हात गाडी काढली तर दारावर धुरकट पट्टे आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे. पॉलिश तेच, मशीन तेच, बॉनेट मात्र आरशासारखं. दारापर्यंत पोचेस्तोवर पॅड भरून गेला होता, एवढाच काय तो फरक. ते दार मला पुन्हा करून द्यावं लागलं.

फोमला बारीक छिद्रं असतात. पॉलिशमधले घासणारे कण, सुकलेलं पॉलिश आणि रंगावरून निघालेला क्लिअरकोट (रंगावरचा पारदर्शक थर) त्यांत जाऊन बसतो. मग फोममधून हवा खेळत नाही, पॅड तापतो आणि आतला चिकट थर पुन्हा रंगावर घासला जातो. जुन्या, क्लिअरकोट नसलेल्या गाडीवर पॅड गाडीच्याच रंगाचा होतो, त्यामुळे तो भरलाय हे लगेच कळतं. आजच्या गाड्यांचा क्लिअरकोट बिनरंगी असतो. म्हणून पॅड वरून स्वच्छच वाटतो, आणि आपण तिथेच फसतो.

नागपुरात हे आणखी लवकर होतं. एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या आसपास असताना पॉलिश रंगावर पसरायच्या आधीच सुकायला लागतं, आणि सुकलेलं पॉलिश म्हणजे पॅडमध्ये जाणारी पूडच. त्या दिवसांत मी सकाळी 6 ते 9 एवढंच काम करतो, तेही सावलीत. बॉनेटला हाताची मागची बाजू लावून बघा. चटका सोडा, नुसतं कोमट लागलं तरी थांबा.

कामाला लागण्याआधी

हॅचबॅकसाठी कटिंगचे (ओरखडे काढायचे) 3-4 आणि फिनिशिंगचे (शेवटची चमक आणायचे) 2 पॅड जवळ ठेवा. शिवाय मऊ नायलॉनचा ब्रश, जाड सुती टॉवेल, डोळ्यांना गॉगल आणि मास्क. हा टॉवेल फक्त पॅडसाठी. गाडी पुसायला तोच घेतला तर पॅडमधून काढलेला मळ परत रंगावर जाईल. एका पॅडवर एकच पॉलिश वापरा. कंपाउंड (ओरखडे काढायचं जास्त घासणारं पॉलिश) लागलेला पॅड फिनिशिंगला घेऊ नका, नीट धुतल्याशिवाय तर नाहीच. पॅडच्या रंगावरही भिस्त ठेवू नका. एका कंपनीचा नारिंगी कटिंगचा असेल, तर दुसरीचा भलत्याच कामाचा निघतो.

काम चालू असताना

साधारण 2 फूट बाय 2 फूट एवढाच भाग एका वेळी घ्या. तो झाला, पॉलिश पुसलं, की पुढच्या भागाआधी पॅड साफ. दर वेळी. कंटाळा इथेच येतो, पण याला 10-15 सेकंदांपलीकडे वेळ लागत नाही.

गाडीपासून दोन पावलं बाजूला व्हा. मशीन उलटं धरा, म्हणजे पॅड वर येईल. टॉवेलची घट्ट घडी तळहातावर घ्या, एकही टोक लोंबतं नको, नाहीतर ते पॅडमध्ये गुंडाळलं जाईल. मशीन सगळ्यात कमी वेगावर चालू करून टॉवेल पॅडवर सपाट दाबा आणि 4-5 सेकंद धरा. डीए मशीन (ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे पॅड फिरता फिरता झुलवणारं) असेल तर जास्त दाबल्यावर पॅड फिरायचा थांबतो, म्हणून दाब बेताचा ठेवा. घडी उघडून बघा. आत ओलसर, राखाडी-पांढरं वर्तुळ उमटलेलं दिसेल. एवढं सगळं पुढच्या भागावर घासलं जाणार होतं.

टॉवेल ओलसर पॉलिश ओढून घेतो, सुकलेला थर मात्र त्याने निघत नाही. त्याला ब्रश लागतो. पॅड हळू फिरत असताना ब्रश मधून कडेकडे न्या. पांढरी पूड उडेल, तेव्हा गॉगल-मास्क हवाच आणि पॅडचं तोंड गाडीकडे नको. तारेचा ब्रश अजिबात नको, फोम फाटतो. घरी छोटा कंप्रेसर असेल तर उत्तमच. हवेचा झोत पॅडवरून तिरपा मारा, खोलवरची पूडही निघते. फक्त पॅड ज्या वेल्क्रोने मशीनला चिकटतो, त्याच्या जोडात नोझल घालू नका.

साफ केल्यावर पॉलिशचे 2-3 थेंब पुरतात. पहिल्या वेळेइतकं घेतलं तर पॅड पुन्हा लवकर भरतो.

दोन-तीन पॅनल झाले की पॅडच बदला. हात लावल्यावर गरम लागला, फोम गिळगिळीत झाला किंवा मशीन रंगाला चिकटल्यासारखं ओढायला लागलं, तर त्याआधीच बदला. पॅड खाली मुरमावर पडला तर तो त्या दिवसापुरता बाद. झटकून निघाला असं वाटतं, पण एक खडा आत राहिला तरी अख्खं बॉनेट जातं.

काम संपल्यावर

पॅड त्याच दिवशी धुवा. रात्रभर सुकलेलं पॉलिश निघता निघत नाही. कोमट पाणी, थोडा भांड्यांचा लिक्विड साबण, 15-20 मिनिटं भिजू द्या. त्याहून जास्त नको, वेल्क्रोचा गोंद सुटतो. कढत पाण्यानेही तेच होतं. मग अंगठ्यांनी मधून कडेकडे दाबत वाहत्या पाण्याखाली धुवा, पाणी नितळ येईस्तोवर. पिळू नका. बोअरचं पाणी जड असेल तर शेवटचं धुणं नळाच्या पाण्याने करा, नाहीतर क्षार फोममध्ये सुकून बसतात.

कोरड्या टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा. काही जण ओला पॅड मशीनवर लावून फिरवतात. वीज आणि पाणी जवळ आणायला मी तयार नाही. फोम खाली, वेल्क्रो वर असा सावलीत, पंख्याखाली वाळवा. कूलरसमोर ठेवू नका, त्याची हवा दमट असते. गच्चीवरच्या उन्हात तर नकोच. पूर्ण वाळला की बंद डब्यात ठेवा, आपल्याकडे धूळ शिरायला वेळ लागत नाही.

फोमची कड फाटली, वेल्क्रो सुटायला लागला किंवा दाबल्यावर फोम परत फुगत नसेल, तर तो पॅड रंगावर वापरू नका. कापून त्याचे तुकडे करा, टायरला ड्रेसिंग (चमक आणायचं द्रव) लावायला कामी येतात.